धुऊनही खवट वास येतो, कारण तेल अजून तिथंच आहे

प्रश्न असा आला आहे: लाकडी चमचे, चॉपिंग बोर्ड, सिलिकॉनचं उलथणं, स्टीलचा झारा आणि बिडाची कढई, सगळ्यांना शिळ्या तेलाचा वास येतो. लिंबू चोळून झालं, व्हिनेगर झालं, खायचा सोडा झाला, दोन दिवस उन्हात ठेवून झालं. धुतल्यावर तासभर बरं वाटतं, गरम पदार्थाला लावलं की वास पुन्हा हजर. आणखी काय करायचं?

गेली पंचवीसेक वर्षं मी मोठ्या स्वयंपाकघरांतली भांडी आणि अवजारं सांभाळतो. घासून घेणं, दुरुस्त करणं, कुठलं काढून टाकायचं ते ठरवणं, हे माझं रोजचं काम. या वासाची तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की आता ती ऐकताना मी वासाचा विचारच करत नाही. तेल कुठं बसलं आहे आणि ते आता कुठल्या अवस्थेत आहे, एवढं शोधतो. तुम्ही केलेले चारही उपाय वासावरचे होते. तेलाला त्यांतल्या एकानंही हात लावलेला नाही.

तेल खवट होतं म्हणजे काय होतं ते आधी पाहू, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तेलातली असंपृक्त (अनसॅच्युरेटेड) मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात. त्यातून आधी हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, त्यांना स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. ती तुटली की हेक्झनालसारखी अल्डिहाइडं सुटतात, आणि खवट म्हणून नाकाला झोंबतं ते हेच. अगदी नगण्य प्रमाणात असली तरी ती नाकाला कळतात. शिवाय ही साखळी आहे, बिघडलेला एक रेणू शेजारच्याला ओढतो. म्हणून जुन्या तेलाची पुसटशी पुटं नव्या तेलालाही लवकर बिघडवतात. बंद बाटलीतलं तेल महिनोन्महिने टिकतं, पण तेच तेल चमच्यावर पातळ थरानं पसरलं की काही दिवसांत खवट होतं. इतक्या पातळ थरात जवळजवळ प्रत्येक थेंबाला हवा लागते. उजेड, उष्णता, आणि तांबं किंवा लोखंड यांचा नुसता अंश, हे तिघं त्या कामाला आणखी जोर देतात.

सगळी तेलं यात सारखी नसतात. तेल किती असंपृक्त आहे हे आयोडीन मूल्यावरून कळतं. जवसाच्या तेलाचं हे मूल्य 170 च्या वर जातं, सूर्यफुलाचं साधारण 120 ते 140, ऑलिव्हचं 75 ते 94, आणि खोबरेलाचं जेमतेम 10 च्या आसपास. आकडा जितका मोठा तितकं तेल हवेला लवकर बळी पडतं. पण मोठा आकडा म्हणजे नुसता खवटपणा नाही. हीच तेलं हवेत हळूहळू एकमेकांत गुंफत जातात, आधी चिकट होतात, मग घट्ट, आणि शेवटी कडक. जवसाचं तेल पूर्ण वाळलं की त्याला जवळजवळ वास राहत नाही, बिडाच्या कढईवरचा चांगला काळा थरही तसाच निर्वास असतो. त्रास मधल्या अवस्थेचा. तुमच्या झाऱ्यावरचा पिवळसर चिकटा म्हणजे अर्धवट राहिलेलं वार्निश आहे: वास सुटण्याइतकं ओलं, आणि साबणाला दाद न देण्याइतकं घट्ट.

तेव्हा घासायला घेण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या. स्वयंपाकघरात उभं राहून हुंगू नका, नाक तिथल्या वासाला सरावलेलं असतं. अवजार मिनिटभर कढत पाण्यात बुडवा, झटका, झाकणाच्या स्वच्छ काचेच्या बरणीत किंवा कोऱ्या पिशवीत दहा मिनिटं बंद ठेवा. मग बाहेर मोकळ्या हवेत जाऊन उघडा आणि पहिलाच श्वास नीट घ्या. दुसऱ्या श्वासावर भरवसा नाही. एकेक वस्तू अशी तपासली की सहसा कळतं की दहांतल्या दोन-तीनच दोषी आहेत आणि बाकीच्यांना नुसता शेजारचा वास लागला आहे.

मग अंगठ्याचं नख. वस्तू कोरडी करून नख जरा जोरानं ओढा. नखावर ओशट पुसट आलं तर तेल अजून ओलं आहे, साबण पुरेल. नखाखाली मेणासारखी बारीक गुंडाळी निघाली तर चिकटा झाला आहे, तिथं साबण नुसता वरून घसरतो. आणि नखाला काहीच लागलं नाही, पृष्ठभाग कोरडा स्वच्छ आहे, तरी बरणीत वास आला, तर तेल आत मुरलं आहे किंवा एखाद्या फटीत लपलं आहे.

आणखी एक वस्तू बरणीत घालून बघाच: तुमची घासणी. आणि भांडी पुसायचं फडकं. घरोघरच्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात, असा माझा अनुभव आहे. स्पंजच्या पोटात आठवडाभराचं तेल साठलेलं असतं, आणि आपण रोज ते स्वच्छ भांड्यांवर समान लावत असतो. स्पंज धुऊन वाचवण्यात अर्थ नाही, टाका. फडकी 60 अंशांच्या पाण्यात, लायपेज हे तेल फोडणारं विकर (एन्झाइम) असलेल्या कपड्यांच्या पावडरीत धुवा. एक धोक्याची गोष्ट इथंच सांगतो. तेल पुरतं न निघालेली फडकी ड्रायरमध्ये वाळवून गरम गरम घडी करून रचू नका. तेलाचं ऑक्सिडेशन स्वतःच उष्णता सोडतं. गठ्ठ्याच्या आत ती कोंडली की आपोआप आग लागू शकते. हे खरंच घडतं.

आता तुमच्या चार उपायांबद्दल. लिंबू आणि व्हिनेगर ही आम्लं, तेल त्यांत विरघळत नाही. माशाचा वास आम्लानं जातो, कारण तो अमाइनांचा असतो आणि आम्ल त्यांना बांधून ठेवतं. त्या यशावरून लोकांनी व्हिनेगरला सगळ्याच वासांचं औषध करून टाकलं. लिंबाच्या सालीतलं तेल थोडा चिकटा सोडवतं हे खरं, पण मुख्यतः ते आपला वास वर चढवतं. खायचा सोडा सौम्य अल्कली आहे. सुटी झालेली मेदाम्लं तो निष्प्रभ करतो, म्हणून आंबूस वास कमी होतो, पण अल्डिहाइडांचं तो फारसं काही बिघडवू शकत नाही. आणि सोड्यावर व्हिनेगर ओतून फसफसणारा प्रयोग केला असेल, तर त्यात दोघांनी एकमेकांना खाल्लं. उरलं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. फेस बघायला छान वाटतो, एवढंच.

उन्हाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. उन्हानं वास उडून जातो, म्हणून संध्याकाळी वस्तू बरी वाटते. पण वस्तूवर तेल शिल्लक असेल तर तेच ऊन त्याला जास्त वेगानं खवट करतं. म्हणून ऊन शेवटी, तेल निघून गेल्यावर. आधी नाही.

ओल्या तेलाला साबण पुरतो म्हटलं, पण पद्धत चुकीची असते. आपण भांडं आधी पाण्याखाली धरतो, मग घासणीवर लिक्विडचे दोन थेंब. पाणी आधी लागलं की तेलावर पाण्याचा पडदा बसतो आणि साबण पातळ होतो. उलट करा. कोरड्या वस्तूवर लिक्विड तसंच, न मिसळता, बोटांनी किंवा ब्रशनं चोळा. पाच-दहा मिनिटं राहू द्या. मग हाताला सोसेल तितकं गरम पाणी घेऊन घासा, आणि नंतर कढत पाण्यानं विसळा. धार सलग पसरून वाहिली तर तेल गेलं. पाणी थेंब-थेंब होऊन तुटत राहिलं तर आहे. ही पाण्याची परीक्षा काच आणि स्टीलसाठी, प्लास्टिक नि सिलिकॉनवर पाणी तसंही थेंब धरतं.

चिकट्याला अल्कली लागते. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की चरबी म्हणजे मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांची जोडी असते, आणि अल्कली ती जोडी फोडून मेदाम्लांचा साबण करते. म्हणजे योग्य अल्कली मिळाली तर तुमच्या चिकट्यातूनच थोडा साबण तयार होतो, आणि तो उरलेल्याला सोबत घेऊन जातो. खायचा सोडा त्याला कमजोर, त्याच्या द्रावणाचा सामू (pH) 8.3 च्या आसपास. धुण्याच्या सोड्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा, 11 च्या जवळ. हा फरक दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे, कारण सामूच्या मापात एकेक पायरी दहापटीची असते. लिटरभर कढत पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, त्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं, मग ब्रश. हातमोजे घाला, हा सोडा हाताच्या कातडीवरचं तेलही सोडत नाही. धुण्याचा सोडा नसेल तर खायचा सोडा ट्रेमध्ये पातळ पसरून ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर भाजा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, उरतं ते सोडियम कार्बोनेट.

याहून पुढची पायरी सोडियम परकार्बोनेटची, कपड्यांच्या डागांसाठी ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळतं ते. गरम पाण्यात त्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही सुटतात: सोडा तेलावर, पेरॉक्साइड वासाच्या रेणूंवर. पाणी 60 अंशांच्या आसपास हवं, थंड पाण्यात ते नुसतं बसून राहतं. बिनरंगाचं, बिनवासाचं घ्या आणि झाकण घट्ट लावलेल्या भांड्यात कधीही ठेवू नका, वायू सुटत असतो. क्लोरीनच्या ब्लीचला मात्र या कामात हात लावू नका. तेलावर त्याचा उपयोग नाही, आणि घाईत कोणी त्यात व्हिनेगर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

ॲल्युमिनियमला यांतलं काहीच चालत नाही, ना धुण्याचा सोडा, ना परकार्बोनेट. मी हे शिकलो ते चिमणीच्या जाळ्यांवर. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. चार जाळ्या सोड्याच्या कढत पाण्यात टाकल्या आणि जेवायला गेलो. परत आलो तर पाण्यात बुडबुडे, आणि चंदेरी जाळ्या कोळशासारख्या काळ्या. तेल गेलं होतं, नाही म्हणायला. पण बोट लावलं की काळी राख हाताला, आणि मालकांचा चेहराही साधारण त्याच रंगाचा. चिमणीच्या जाळ्या बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्याच असतात. त्यांना लिक्विड, गरम पाणी आणि वेळ, एवढंच द्यायचं. लोहचुंबक खिशात ठेवा: चिकटला तर ॲल्युमिनियम नक्की नाही. नाही चिकटला तर वजन बघा, कारण काही चांगल्या स्टीललाही चुंबक लागत नाही.

आता एकेक वस्तू घेऊ.

झारा. स्टील तेल पीत नाही. स्टीलच्या वस्तूला वास येत असेल तर तेल स्टीलमध्ये नाही, कुठल्यातरी खाचेत आहे. वळवलेली कड, रिव्हेटच्या टोपीखालची जागा, दांडा आणि तबकडी जोडलेली जागा, व्हिस्कच्या तारा मुठीत शिरतात ते तोंड, चाळणीची जाळी कडेखाली दाबलेली असते ती घडी. एका झाऱ्यानं मला आठवडाभर दमवलं होतं. सोड्यातून काढला, परकार्बोनेटमधून काढला, थंड असताना अगदी निर्मळ. कढईत गेला की पाचव्या मिनिटाला वास. शेवटी तो उजेडाकडे धरून दांडा गोल फिरवत पाहिला. दांडा पोकळ नळीचा होता, आणि टांगायच्या कडीजवळ टाचणीच्या डोक्याएवढं भोक. ते भोक खाली करून दांडा पाण्याच्या वाफेवर धरला. दोनेक मिनिटांनी तिथं एक तपकिरी थेंब जमला, फुगला, फुटला, आणि अख्ख्या खोलीला कळलं. आतून अर्धा चमचा तरी डिंकासारखं तेल निघालं असेल. सुईच्या सिरिंजनं धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी आत सोडलं, हलवलं, काढलं, असं सातेक वेळा. मग वाळवून ते भोक वितळलेल्या धातूनं बंद करून घेतलं. तुमच्याही झाऱ्याचा दांडा आधी बघा. भोक बंद करायची सोय नसेल तर असं अवजार निदान उभं टांगू नका, भोक खाली राहील असं ठेवा.

फटींसाठी दात घासायचा जुना ब्रश फारसा कामाचा नाही, त्याचे केस जाड आणि बोथट असतात. बाटल्यांच्या नळ्या साफ करायचे बारीक गोल ब्रश घ्या. रिव्हेटभोवती लाकडाची टोकदार काडी सोड्याच्या लगद्यात बुडवून फिरवा.

लाकूड. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात आणि त्यातली सगळ्यात मोठी आपण प्रेमानं करतो. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. तेल त्या नळ्यांतून आत ओढलं जातं, आणि आत हवा पोचते पण साबण पोचत नाही. बोर्ड कोरडा दिसला की स्वयंपाकाचं तेल हातावर घेऊन चोळायचं, ही ती प्रेमाची चूक. ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याचं तेल कधी वाळत नाही. ते आत ओलंच राहतं आणि सावकाश खवट होतं. तुमच्या बोर्डाचा वास असाच आला असेल असा माझा अंदाज आहे. वर्षानुवर्षं कोणीतरी त्याची काळजी घेतली आहे.

उपाय पायऱ्यांनी. आधी कोरड्यावर लिक्विड, वर सांगितलं तसं. मग खायच्या सोड्याचा घट्ट लगदा दोन्ही बाजूंना पातळच, पण सलग लावा आणि वाळू द्या. वाळताना तो सैल झालेलं तेल वर ओढतो. खरवडून काढा, परत लावा. दोन-तीन फेऱ्यांत लगद्याचा पिवळेपणा कमी होत गेलेला दिसतो. धुण्याचा सोडा लाकडावर वापरायचा तर मिनिटभर, घासून लगेच धुवायचा. मी एकदा डझनभर चमचे रात्रभर त्यात ठेवले होते. सकाळी ते काळपट, आणि अंगावर मांजरासारखी लव आलेली. अल्कली लाकडातल्या टॅनिनला काळं करते आणि तंतू सुटे करते.

चमचे उकळण्याचा उपाय सध्या बराच फिरतो आहे, उकळत्या पाण्यात टाकायचे आणि पाणी तपकिरी झालं की दचकायचं. उकळल्यानं थोडं तेल वर तरंगतं हे खरं, अखंड लाकडाच्या चमच्यांना पाच मिनिटं द्यायला माझी हरकत नाही. पण तो तपकिरी रंग बहुतेक लाकडाचा स्वतःचा आहे. नवाकोरा चमचा उकळून पाहा, त्याचंही पाणी रंगतं. त्या पाण्याकडे बघून स्वतःला दोष देऊ नका. डिंकानं चिकटवलेल्या तुकड्यांच्या वस्तू, रंगीत मुठी, आणि कुठलाही बोर्ड उकळू नका, सांधे सुटतात, फळी वाकते. डिशवॉशरही त्याच कारणानं नको.

एवढ्यावर वास राहिलाच तर सँडपेपर. आधी 120 नंबर, रेषांच्या दिशेनं, वरचा पिवळा थर उतरेपर्यंत. मग 220. ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, तंतू उभे राहतील, परत 220 नं हलका हात. सँडपेपर लवकर भरून चिकट होत असेल तर तेल अजून आहे, घासत राहा. जिथून भुसा कोरडा आणि फिका पडायला लागतो तिथं थांबा. काही बोर्डांत तो क्षण येतच नाही, तेव्हा त्याला रजा द्यावी.

साफ लाकडाला मग लावायचं काय? खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल, म्हणजे औषधांच्या प्रतीचं लिक्विड पॅराफिन. ते मेदाम्लांचं बनलेलंच नाही, त्यामुळे खवट होऊ शकत नाही. त्यात थोडं मधमाशीचं मेण मिसळलं तर पाणी जास्त दिवस अडतं. किंवा खरोखर वाळणारं तेल: जवस, टंग (टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल), अक्रोड. अगदी पातळ लावायचं, अर्ध्या तासानं उरलेलं सगळं पुसून काढायचं आणि वस्तू दोन-तीन आठवडे बाजूला ठेवायची. अक्रोडाचं तेल घरात कोणाला त्याची ॲलर्जी असेल तर नको. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल अन्नाच्या वस्तूंना लावू नका, लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि जवसाचं तेल पुसलेली चिंधी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. मघाशी फडक्यांच्या गठ्ठ्याबद्दल सांगितलं ते या तेलाला सगळ्यात जास्त लागू आहे. चिंधी उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

सिलिकॉन. उलथणं गुळगुळीत दिसतं म्हणून लोक समजतात की ते काचेसारखं आहे. नाही. सिलिकॉन रबरात वायू आणि तेलकट रेणू सहज आत-बाहेर करतात. लिक्विडचा सुगंधसुद्धा ते धरून ठेवतं, म्हणून त्याला बिनवासाचं लिक्विड वापरा. आत गेलेला वास आत गेला तसाच बाहेर काढायचा, उष्णतेनं. आधी परकार्बोनेटच्या गरम पाण्यात तासभर, धुऊन पूर्ण कोरडं, मग ओव्हनमध्ये 150 अंशांवर तासभर, खिडकी उघडी ठेवून. वस्तूवर कमाल तापमान लिहिलेलं असतं, ते ओलांडू नका. दांडा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा असेल तर डोकं ओढून वेगळं करा. आणि ते ओढून काढलंत की आत बघाच, दांडा शिरतो त्या खोबणीत. वास येणाऱ्या उलथण्यांत बऱ्याच वेळा तिथंच सापडतं सगळं.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात: पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन स्वतः तेलाच्याच जातकुळीतले, तेल त्यांच्यात शिरतं आणि रमतं. एकदा परकार्बोनेट करून पाहा, नंतर उन्हात चार दिवस उघडं. गेला तर गेला. हाताला कायम ओशट लागणारा डबा मी वाचवायला जात नाही. रबरी रिंगांचं तेच. तेलानं रबर फुगतं, सैल पडतं, वास धरतं. नवी रिंग बसवा.

बिडाची कढई. तिला वास येतो तो बहुतेक वेळा जास्त लाडांनी. धुऊन झाल्यावर तेलाचा जाड हात फिरवून ठेवून दिली, आठवड्यानं काढली, तो थर ना ओला ना पक्का. साबणाला घाबरू नका. पक्का झालेला काळा थर आजच्या भांड्यांच्या लिक्विडनं निघत नाही, निघतं ते कच्चं तेल, आणि तेच तर काढायचं आहे. गरम पाणी, लिक्विड, काथ्या. चिकट भाग जाड मिठानं घासा. मंद आचेवर पूर्ण कोरडी करा. मग तेलाचे चार-पाच थेंब, सगळीकडे चोळायचे, आणि स्वच्छ फडक्यानं असे पुसायचे की जणू चुकून लागले होते. ओव्हनमध्ये पालथी, 230 ते 250 अंश, एक तास, तिथंच गार होऊ द्यायची. धूर होईल, खिडक्या उघडा. नख ओढल्यावर गुंडाळी निघाली नाही आणि बरणीची परीक्षा पास झाली की झालं. झाकण घालून ठेवू नका, आत कोंडलेली हवाच खवट वाटायला लागते.

तुम्ही एका वस्तूचं नाव घेतलं नाहीत, ती मी मुद्दाम शेवटी ठेवली: तेलाची बाटली किंवा बुधली, जिच्यातून रोज ओतता. सगळं एवढं घासून, उकळून, भाजून झालं आणि दोन आठवड्यांनी वास परत आला, तर तो तिथून आला आहे. आपण ती रिकामी होऊ देत नाही. तळाशी बोटभर जुनं तेल असतं, त्यावर नवं ओततो. त्या जुन्यातली पेरॉक्साइडं नव्याला विरजणासारखी लागतात. तोंडाभोवती आणि झाकणाच्या आट्यांत चिकटा असतो, आणि ओतताना प्रत्येक धार त्याच्यावरून जाते. बाटली पूर्ण रिकामी करा. मूठभर जाड मीठ आणि लिक्विड घालून जोरात हलवा, मग धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी अर्धा तास, बाटली काचेची असेल तर आधी कोमट पाण्यानं तापवून घ्या म्हणजे तडकणार नाही. झाकणाचं रबर काढून वेगळं धुवा. नंतर तोंड खाली करून दोन दिवस निथळू द्या. आत बाष्पाचा पुसट धूसरपणासुद्धा दिसत असेल तर तेल भरू नका, तिसरा दिवस जाऊ द्या. आणि आठवड्याभरात संपेल एवढंच भरा, बाकीचं मोठ्या डब्यात, अंधारात, चुलीपासून लांब.